बिळातली घूस, बांधीतला सारस

चौथीच्या सहामाही परीक्षेत तो प्रश्न मीच काढला होता. 'घूस आणि सारस यांतील फरक लिहा.' चार गुण. वर्गात फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून मी तो धडा शिकवला होता. घूस जमिनीत बीळ करून राहते, सारस पाणथळ जागी घरटं बांधतो. घूस पिल्लांना दूध पाजते, सारस अंडी घालतो. घुशीचे पाय आखूड, नखं माती उकरायला. सारसाचे पाय लांब, पाण्यातून चालायला. आणि शेवटची ओळ, जी पुस्तकात नव्हती, माझी स्वतःची होती: घूस शेतकऱ्याची शत्रू आहे, सारस गावाची शोभा आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची, भंडारा शहरात वाढलेली, आणि पहिलीच नेमणूक अड्याळपासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात झाली होती. गावात घूस मी एकदाच पाहिली होती, गोठ्याच्या भिंतीलगत पळताना, आणि किंचाळून काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले होते. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना सगळं गाव काकू आणि काकाजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. सारस मात्र मी रोज पाहायची. काकाजींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या पाणी साठवणाऱ्या शेतात, एक जोडी होती. माणसाएवढी उंच, राखी अंगाची, लाल मानेची. सकाळी ती दोघं ओरडली की मी चहाचा कप हातात घेऊन अंगणात उभी राहायची.

पेपर तपासताना सगळ्यांची उत्तरं सारखीच होती. माझ्याच फळ्यावरची. एका मुलीनं मात्र शेवटची ओळ बदलली होती. तिनं लिहिलं होतं, 'घूस आमाले जेवू घालते. सारस नाई घालत.'

मी त्यावर लाल शाईनं फुली मारली आणि शून्य दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दिवाळीनंतर पेपर वाटताना मी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली. मीही हसले. ती मुलगी पाटीकडे बघत बसून राहिली. आठ-नऊ वर्षांची, हडकुळी, कायम पहिल्या रांगेत बसणारी. तिला वडील नव्हते. आई धानाच्या कापणीला, रोवणीला जायची, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. हातात पेपर. दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. मी मावशी म्हणून आत बोलावलं, तरी नाही. वयानं माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी असेल, पण चेहऱ्यावरून मावशीच वाटायची.

"बाई, माह्या पोरीनं काय खोटं लिवलं?" तिनं विचारलं.

मी तिला समजावून सांगू लागले की हा विज्ञानाचा प्रश्न आहे, यात उत्तर ठरलेलं असतं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं की मी कधी घुशीचं बीळ आतून पाहिलं आहे का. मी नाही म्हटलं. शाळा सुटल्यावर माझ्यासंगं चला, ती म्हणाली, सारसही तिथंच आहेत, दोन्ही एकदमच पाहून घ्या. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी गेले नसते.

धान कापून झालं होतं. बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि मधूनमधून पुंजणे उभे होते, कापलेल्या धानाचे भारे रचून केलेले घरासारखे ढीग. मावशीच्या खांद्यावर सब्बल, म्हणजे पहार, आणि फावडं, डोक्यावर रिकामं टोपलं. मुलगी पुढे धावत होती. काल वर्गात मी तिची जी शोभा केली होती, तिचा तिच्या चालण्यात मागमूसही नव्हता.

काकाजींच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मावशी थांबली. तिथं भुरभुरीत मातीचा ढीग होता. मला तो नुसता मातीचा ढीग दिसला. तिनं चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, ही कालची आहे, घूस घरी आहे. बिळाचं तोंड घुशीनं आतून मातीनं बंद करून घेतलं होतं. मावशीनं सब्बल घातली आणि खणायला सुरुवात केली. एक बोगदा, त्याला फाटा, त्याला आणखी एक फाटा. मी वाकून बघत होते. मुलगी मला सांगत होती, ही वाट खोटी आहे, ही पळून जायची आहे, ही कोठीची आहे. वर्गात एका प्रश्नाचं उत्तर देताना चाचरणारी ती पोर तिथं न थांबता बोलत होती.

मग फावड्याखाली कोठी उघडली.

मी आजही ते दृश्य नीट सांगू शकत नाही. जमिनीच्या पोटात हातभर खोल एक गोल खोली, आणि तिच्यात धानाच्या लोंब्या. विखुरलेल्या नाहीत, रचलेल्या. सगळ्या जवळजवळ एका मापात कुरतडलेल्या आणि बहुतेकांची तोंडं एका बाजूला. माझ्या वर्गातल्या वह्यांची चळत इतकी नीट नसायची. मावशी दोन्ही हातांनी लोंब्या काढून टोपल्यात टाकत गेली, आणि त्या संपतच नव्हत्या. टोपलं अर्धं भरलं. त्याच वेळी चार हातांवरची माती फुटली आणि घूस बाहेर उसळली. माझ्या पायावरूनच गेली. मी ओरडून मागे पडले. मावशीच्या हातात सब्बल होती, पण तिनं उचलली नाही.

मी विचारलं, मारली का नाहीत.

"तिले मारून काय? पुढच्या साली कोन जमा करील?"

मी मातीत बसले होते, साडीला चिखल लागलेला. शेजारच्या बांधीत, पन्नास-साठ पावलांवर, सारसांची जोडी चरत होती. आमच्या गोंधळानं त्यांनी फक्त माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. मावशीनं तिकडे हात केला. पावसाळ्यात त्यांनी उभं धान उपटून घरटं केलं होतं, त्या जागी अजूनही काडाचा कुजका ढीग आणि भोवती मोकळं वर्तुळ होतं. एका पलंगाएवढ्या जागेतलं पीक गेलं होतं. काकाजी त्यांना एक शब्द बोलले नाहीत, ती म्हणाली, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात.

"सारसानं खाल्लं तं शोभा. घुशीनं नेलं तं चोरी. अन् मी घुशीचं काढलं तं काय, ते तुमीच सांगा, बाई."

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं, शिकलेल्या माणसाकडून. दुष्काळाच्या दोन वर्षांत तिनं आणि तिच्या सासूनं जंगलाच्या कडेपर्यंतचे धुरे खणले होते, हे तिनं परतताना सांगितलं. त्याच काळात आमच्या घरी भंडाऱ्याला आई रेशनवर तांदळाऐवजी ज्वारी मिळते म्हणून कुरकुर करायची. मी कॉलेजात होते. आम्ही एकाच जिल्ह्यात राहत होतो हे मला त्या धुऱ्यावर पहिल्यांदा कळलं, आणि पुढचे कितीतरी दिवस मी जेवायला बसले की घास तोंडाशी थांबायचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून सांगितलं की ते उत्तर बरोबर होतं आणि चूक माझी होती. मुलीचे गुण तिला दिले. आठवड्यानं तिनं पितळेच्या गडव्यात त्या धानाची पेज आणली. मला आधी शिसारी आली, घुशीची लव डोळ्यापुढे आली, पण मी प्यायले. चांगली होती. मला वाटलं, मी शिकले. आता या बाबतीत माझ्याकडून पुन्हा चूक व्हायची नाही.

पुढच्या वर्षी कापणी झाल्यावर वरून एक पत्रक आलं. उंदीर-घुशींच्या नाशासाठी सप्ताह पाळायचा होता. औषधाचे डबे ग्रामपंचायतीत आले होते आणि शाळेनं मदत करावी अशी विनंती होती. त्या वर्षी घुशी फार झाल्या होत्या. पुंजण्यांच्या तळाशी लोंब्यांचा भुगा व्हायचा. काकाजींच्या बोडीची, म्हणजे त्यांच्या लहान तलावाची पाळ घुशींनी आतून पोखरली होती आणि सप्टेंबरात एका दुपारी ती फुटून सगळं पाणी वाहून गेलं होतं. काकाजी त्या फुटक्या पाळीवर डोक्याला हात लावून बसलेले मी पाहिले होते. त्यामुळे पत्रक आलं तेव्हा मला बरंच वाटलं.

मी चावडीपुढे उभी राहून पत्रक वाचून दाखवलं. गावात सगळ्यांत खणखणीत वाचणारी मीच होते. गहू भिजवून, तेल चोळून, त्यात काळी पावडर मिसळायची, हात फडक्यानं बांधून. कागदाच्या पुड्या करून प्रत्येक जित्या बिळात एक ढकलायची. उरलेलं पुरून टाकायचं. माझ्या वर्गानं जुन्या वह्यांचे कागद फाडून चौकोन केले. पुड्या मोठ्या माणसांनी भरल्या; मुलांना औषधाला हात लावू द्यायचा नाही, याबाबत मी फार कडक होते. त्या पावडरीला लसणासारखा वास यायचा. दोन दिवस माझ्या पदराला तो वास होता. काकाजींच्या सगळ्या धुऱ्यांवर मी स्वतः त्यांच्यासोबत हिंडले आणि जिती बिळं दाखवली. भुरभुरीत माती चिमटीत चोळून मी सांगायची, ही कालची आहे. काकाजींना माझं कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलात, बाई. मी हसून म्हटलं, तुमच्याच गावात.

हे मी लिहिते आहे तेव्हाही माझा हात थांबतो.

आठ-दहा दिवसांनी, सकाळची शाळा भरून तासभर झाला असेल, मी पाढे म्हणून घेत होते. दारात मावशी येऊन उभी राहिली. या वेळी ती आत आली. सरळ टेबलापाशी आली आणि पदराखालून दोन कोंबड्या काढून तिनं माझ्या हजेरीपटावर ठेवल्या. मेलेल्या. एकीची मान टेबलाच्या कडेवरून लोंबत राहिली. पाढे थांबले.

रात्रीच्या दवानं ओल्या झालेल्या लोंब्या तिनं पहाटे अंगणात पसरल्या होत्या, तिनं सांगितलं. कोंबड्यांनी टिपल्या. थोड्या वेळानं दोघी गोल फिरून पडल्या. लोंब्या काल बिळातून काढलेल्या, काकाजींच्या धुऱ्यावरच्या; औषधाला आठ दिवस झाले, घुशीनं ते खाऊन संपवलं असेल असं तिला वाटलं होतं. खाली लोंब्यांत काळपट गहू सापडला. असा गहू आपल्या गावात कोणी पेरत नाही, म्हणून तिनं हातात घेऊन पाहिला, आणि मग धावत आली.

"त्या कागदात लिवलं नव्हतं काय, का बिळातलं धान मानसं खातात म्हनून?"

मी नाही म्हटलं.

"लिवनाऱ्याले नसंल माहीत. तुमाले तं माहीत होतं ना, बाई."

मला माहीत होतं. मी त्या बिळाच्या तोंडाशी मातीत बसून कोठी पाहिली होती. ती पेज प्यायले होते. बीळ जितं आहे की नाही हे ओळखायला त्या बाईनंच मला शिकवलं होतं, आणि तेच वापरून मी तिच्या घरात जाणाऱ्या धानात विष घालून आले होते. आणि त्या सबंध आठवड्यात, पत्रक वाचताना, पुड्या मोजताना, धुऱ्यावरून हिंडताना, एकदाही, एकदाही मला ती आठवली नाही. दुष्टपणानं झालं असतं तर मला स्वतःचं काहीतरी समजलं असतं. यात समजण्यासारखं काहीच नव्हतं. दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारीशेजारी होत्या आणि त्यांची गाठ पडली नव्हती.

मी विचारलं, तुम्ही यातलं खाल्लं का.

तिनं सांगितलं की तिनं खाल्लं नाही. काल थोडं कांडून मुलीला सकाळी पेज करून दिली होती. सांगता सांगता तिचे डोळे पहिल्या रांगेकडे गेले. माझेही गेले. मुलगी आता पाचवीची. आमच्याच शाळेत पाचवीचा वर्ग त्या वर्षी सुरू झाला होता आणि मी दोन्ही वर्ग एकत्र घेत असे. ती बाकावर डोकं टेकून बसली होती. मला वाटलं होतं, झोप आली असेल.

मी तिच्याजवळ गेले, तोंड वर केलं. तिच्या श्वासाला लसणाचा वास होता. मी आईकडे बघून विचारलं, घरी लसूण घातला होता का. मावशी म्हणाली, घरी लसूण नाई.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. काकाजींच्या घराकडे धावले ते, काकाजींनी काही न विचारता बंडी जुंपली ते. बैल पळवत आम्ही अड्याळच्या दवाखान्यात पोचलो. मुलगी माझ्या मांडीवर होती, मावशी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती. वाटेत मुलीनं दोनदा ओकारी केली. डॉक्टर तरुण होते, मराठवाड्याकडचे असावेत. त्यांनी वास घेतला आणि लगेच नर्सला हाक मारली. पोट धुवायची नळी घातली. मुलीचे पाय मी धरले होते. ती इतकी ताकदीनं झटकत होती की माझी एक बांगडी फुटली. मी दुसरीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. विष थोडंच गेलं होतं, म्हणाले. धान धुऊन कांडल्यामुळे कोंड्याबरोबर बरंच निघून गेलं असावं, नाहीतर सांगता आलं नसतं. मग वहीत लिहायला त्यांनी विचारलं, औषध कोणी टाकलं होतं. काकाजी काही म्हणायच्या आत मी सांगितलं, मी. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षिका आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी तसंच लिहिलं. दोन रात्री मुलीला ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं.

त्या दोन दिवसांत मी गावात परत आले होते. पुड्या अजून बिळांत होत्या आणि धुरे खणणाऱ्या बाया या एका घरातल्याच नव्हत्या. मी घरोघर गेले. सात घरं निघाली. सातही घरांना मी हजेरीपटावरून ओळखत होते. प्रत्येक ठिकाणी मला तेच सांगावं लागलं की बिळातलं काढू नका, काढलं असेल तर खाऊ नका. एका घरी लोंब्यांचं टोपलं भरून ठेवलेलं होतं. घरातल्या म्हातारीनं ते माझ्यापुढे आणून ठेवलं आणि विचारलं, मंग आता हे महिनाभर काय खाचं. मी काकाजींकडून धान मागून आणलं. त्यांनी दिलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. बोडी त्यांची फुटली होती, पीक त्यांचं होतं, औषध टाकायला त्यांचा हक्क होता, आणि तरी त्यांनाही ते सहन होत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी काकाजी शेतावर गेले आणि लगेच परत आले. मी अंगणात तोंड धूत होते. त्यांनी मानेनंच मला चला म्हटलं.

सारस धुऱ्याच्या पायथ्याशी पडला होता. धसकटांत, एक पंख उघडा. उभा असताना तो कधी एवढा मोठा वाटला नव्हता. ते लांब पाय, ज्यांच्याविषयी मी फळ्यावर लिहिलं होतं, मोडलेल्या काठ्यांसारखे एकमेकांवर आले होते. बिळाच्या तोंडाशी उसवलेल्या पुडीचा कागद आणि तीन-चार काळे दाणे होते. दुसरा सारस दहा पावलांवर उभा होता. तो ओरडत नव्हता. आम्ही जवळ गेलो तसा तो आमच्या अंगावर आला, पंख पसरून, आणि मग थांबला आणि पुन्हा जाऊन मेलेल्याच्या शेजारी उभा राहिला. नर कुठला आणि मादी कुठली हे मला कधीच ओळखता आलं नव्हतं. कोण उरलं हेही त्यामुळे सांगता येणार नाही.

काकाजी धुऱ्यावर बसले. म्हणाले की त्यांच्या लग्नाच्या वर्षापासून या बांधीत सारस आहेत. हेच की यांच्या आधीचे, ते माहीत नाही, पण बांधी कधी मोकळी नव्हती.

त्याच धुऱ्यावर, काकाजी बसले होते तिथून दोन हातांवर, ताज्या मातीचा ढीग होता. मी चिमटीत घेतली नाही. पाहूनच कळत होतं.

पुढचे चार दिवस मी, मावशीच्या जागी तिचा दीर, आणि सात घरांतल्या बाया मिळून विष टाकलेली बिळं खणत होतो. हाताला फडकी बांधून. निघेल ते सगळं एका खड्ड्यात पुरलं. बऱ्याच बिळांत पुड्या होत्या तशाच होत्या. एका बिळात तर घुशीनं ती पुडी एका फाट्यात सारून वरून माती लोटून बंद केली होती, आणि पलीकडच्या कोठीत लोंब्या होत्या, स्वच्छ. मी तिथंच बसले आणि मला रडू आलं. बाया थांबल्या. कोणी जवळ आलं नाही आणि कोणी नावंही ठेवली नाहीत. थोड्या वेळानं त्या पुन्हा खणायला लागल्या.

मेल्या घुशीही सापडल्या, नाही असं नाही. सहा-सात. उरलेल्या कुठं गेल्या कोण जाणे. दोन महिन्यांनी काकाजींच्या गोठ्यात पुन्हा खरवडल्याचा आवाज यायला लागला. उरलेला सारस मात्र पाच दिवस तिथंच उभा होता. काकाजींनी मेलेल्याला पुरलं त्या जागेभोवती तो हिंडायचा. मग एका सकाळी ओरडण्याचा आवाज आला, एकट्याचाच, नेहमीसारखी त्याला जोड नाही, आणि त्यानंतर तो दिसला नाही.

मुलगी शाळेत आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी तिची माफी कशी मागायची ते ठरवत होते. तिनं मला काहीतरी वेगळंच विचारलं. नळी घातली तेव्हा डॉक्टरांनी पोटातलं सगळं काढलं, तर आधीचं, दिवाळीचं अनारसंही निघून गेलं का. मी नाही म्हटलं. ती समाधानानं जागेवर जाऊन बसली. मावशीची माफी मी मागितली. ती म्हणाली, पोरगी वाचली, आता ते पुन्हा काढू नका. मला वाटतं तिनं मला क्षमा केली नव्हती. तिला माझ्याशी रोजचा संबंध ठेवायचा होता, पोरगी माझ्या वर्गात होती, म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं. तेवढं पुरे होतं, त्याहून जास्त मागायचा मला अधिकार नव्हता.

मी तालुक्याला पत्र लिहिलं की पत्रकात एक ओळ वाढवावी. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीचं पत्रक तेच होतं, शब्दाला शब्द. मी ते चावडीवर वाचून दाखवायला नकार दिला. काकाजींनी आपल्या धुऱ्यांवर पुन्हा विष टाकलं नाही, पाळीची भोकं ते दगड-मातीनं बुजवायला लागले. पण बाकीच्यांना तेवढं जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना सांगणारी मी कोण होते. तेव्हा सातपैकी एका घरची सून म्हणाली, टाका ज्याले टाकाचं ते, पन सांगून टाका. ज्या धुऱ्यावर विष असेल तिथं पळसाची डहाळी खोचायची, एवढंच तिनं सुचवलं. वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखीच कळेल अशी खूण. गावाला पटलं. मला ते सुचलं नव्हतं.

ऐंशीनंतर माझी बदली साकोलीजवळ झाली. लग्न झालं, मुलं झाली. अड्याळच्या बाजूला जाणं कमी झालं. पण एकदा, त्यानंतर चार-पाच वर्षांनी, कापणी संपल्याच्या दिवसांत एका लग्नाला एसटीनं निघाले होते. त्या गावाजवळ गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. दोन्ही बाजूंना मोकळ्या बांध्या, पुंजणे, आणि धुऱ्याधुऱ्यावर सुकत आलेल्या पळसाच्या डहाळ्या. शेजारच्या एका बाईंनी मला विचारलं की हे काय लावलं आहे, काही पूजा आहे का. मी म्हटलं, विष आहे. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि पोराला हाताला धरून मागे ओढलं.

दूर एका धुऱ्यावर डहाळी नव्हती. तिथं दोन बाया वाकून खणत होत्या. कोण होत्या ते ओळखू येईना. मी उगाच हात वर केला. त्यातली एक कंबर सरळ करून क्षणभर इकडे बघत राहिली, मग पुन्हा वाकली. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा मी अजून तिकडेच बघत होते.